तीन फळ्यांचे धुरांडे

आमच्या घराच्या पश्चिम भिंतीवरच्या फळ्या खालून हातभर कुजल्या आहेत, हे एका सप्टेंबरातल्या टायफूननंतर ध्यानात आले. वाऱ्याने कोपऱ्यातली एक फळी अर्धी उचकटली होती. ती जागेवर बसवावी म्हणून मी हात लावला, तर तिचे खालचे टोक चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे बोटांत आले. जपानमधल्या ओकायामा प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावर, उनो बंदरामागच्या टेकडीच्या उतारावर हे जुने घर आम्ही घेतले, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून बेतले आहे ती बाग याच प्रांताच्या राजधानीत आहे, त्यामुळे नोकरीनिमित्त इकडे येताना ओकायामा हे नाव तरी आमच्या कानांवरून गेलेले होते. जळक्या फळ्यांबद्दल मात्र आम्हांला काहीच माहिती नव्हती, आणि भिंतीवरचा तो काळा-राखी रंग म्हणजे कोणी तरी पूर्वी दिलेले डांबर असावे, असे मी घर घेताना धरून चालले होते.

ज्यांनी तो समज दूर केला, त्यांना गावात सगळे तोऱ्यो म्हणतात, म्हणजे मुख्य सुतार. वय सत्तरीच्या पुढचे. त्यांनी भिंतीसमोर उकिडवे बसून खिशातल्या लहान चाकूचे टोक फळीत खालपासून वरपर्यंत दर वीतभर अंतरावर टोचून पाहिले. खाली ते मूठ टेकेपर्यंत आत गेले, गुडघ्याच्या उंचीवर अडखळले आणि त्याच्या वर कुठेही शिरेना. फळ्या सुमारे ४० वर्षांच्या असाव्यात, असा त्यांचा अंदाज होता. कोळशाचा थर बऱ्याच ठिकाणी झडून आतले लाकूड चंदेरी पडले होते, पण ते टणक होते. “वरून आलेल्या पावसाने हिचे काही वाकडे केलेले नाही, ओकुसान (बाईसाहेब),” ते म्हणाले, “जमिनीवर पडून उडालेल्या पाण्याने केले.” आधीच्या मालकांनी भिंतीलगत फुलझाडांचा वाफा करून माती चांगली वीतभर चढवली होती, ते त्यांनी आल्याआल्याच हेरले होते.

पुढे काय करायचे याला तीन रस्ते होते. आज इथली बहुतेक नवी घरे सिमेंटपासून केलेल्या तयार पॅनेलांनी मढवतात. ती दिसायला नीटनेटकी असतात, पण त्यांच्या सांध्यांतला रबरासारखा मसाला आणि वरचा रंग साधारण दर दहा वर्षांनी नव्याने करावा लागतो. दुसरा रस्ता पत्र्याचा, आणि माझ्या नवऱ्याचे मत त्या बाजूने होते. तिसरा रस्ता कारखान्यात भट्टीवर जाळून आणलेल्या फळ्यांचा. तोऱ्योंनी हे तिन्ही सांगून झाल्यावर, काहीशा अनिच्छेने, चौथा सांगितला: अंगणात जागा आहे, फळ्या सहा फुटीच लागणार आहेत, तर आपणच जाळू. हाताने फळ्या जाळण्याचे काम त्यांनी तरुणपणी वडिलांबरोबर केले होते आणि नंतर कित्येक वर्षांत केले नव्हते. त्यांच्या अनिच्छेमागे उत्साह लपलेला आहे, हे मला तेव्हाच समजले.

या प्रकाराला जपानी भाषेत याकिसुगी म्हणतात. याकी म्हणजे भाजलेले, सुगी हे झाडाचे नाव. इंटरनेटवर मात्र तो ‘शोऊ सुगी बान’ या नावाने गाजतो. मी ते नाव मोठ्या जाणकारीने उच्चारले, तेव्हा तोऱ्योंना मी कशाबद्दल बोलते आहे हेच कळेना. कागदावर तीन चित्राक्षरे काढून दाखवली, तेव्हा ते हसले. जपानीत बहुतेक चित्राक्षरांचे एकाहून अधिक उच्चार असतात, आणि ‘याकिसुगी-इता’ म्हणजे ‘भाजलेल्या सुगीची फळी’ या शब्दातल्या पहिल्या आणि शेवटच्या अक्षराचा भलताच उच्चार घेऊन ते नाव परदेशांत रूढ झाले. शीवचे सायन व्हावे तसे ते झाले आहे, फरक इतकाच की इथल्या गावकऱ्यांनी ते सायन अजून ऐकलेलेही नाही. सुगीला पुष्कळदा देवदार म्हटले जाते, तेही बरोबर नाही. हिमालयातला देवदार निराळ्या कुळातला. सुगी ही सरूच्या कुळात बसते, आणि दार्जिलिंगच्या धुक्यात जी उंच ‘धुपी’ची झाडे दिसतात तीच ही. महायुद्धानंतर जपानने डोंगरच्या डोंगर सुगीने भरून टाकले. आज सुमारे ४४ लाख हेक्टरांवर तिची लागवड आहे. फेब्रुवारी लागला की तिचे पराग उडू लागतात, निम्मा देश शिंकू लागतो, आणि त्यात माझाही समावेश असतो. त्या झाडाला जाळायला मिळणार यात मला थोडा सूडाचाही आनंद होता, हे मान्य करते.

लाकूड टिकावे म्हणून ते जाळायचे, ही गोष्ट ऐकायला उलटी वाटते, पण मला ती ऐकताच राजापूरजवळच्या गावी आजोबा मांडवाच्या मेढी पुरण्याआधी त्यांचे खालचे टोक शेकोटीत फिरवून काळे करत, ते आठवले. वाळवी लागत नाही, एवढेच ते सांगत. लाकडात बुरशीला आणि किड्यांना जे खायला आवडते, त्यातला सहज पचणारा भाग उष्णतेने आधी निघून जातो आणि मागे राहतो तो कोळसा, ज्यात खाण्यासारखे काही नसते. उन्हाने लाकडाचा जो पृष्ठभाग एरवी झिजतो तो या थराखाली झाकला जातो. शिवाय एकदा कोळसा झालेली बाजू पुन्हा सहजी पेट घेत नाही. सुगीचे लाकूड हलके आणि सच्छिद्र असल्यामुळे त्यावर हा थर लवकर आणि जाड धरतो; सागवानासारख्या घट्ट लाकडावर इतका खोल थर सहज मिळेल असे मला वाटत नाही. पश्चिम जपानात, विशेषतः सेतो अंतर्गत समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर, खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावरच्या घरांना याच फळ्या लावण्याची रीत होती.

ती रीत पाहण्यासाठी तोऱ्योंनी आम्हांला नाओशिमा बेटावर पाठवले. उनोहून मोठ्या बोटीने ते अवघ्या वीस मिनिटांवर आहे. सगळे प्रवासी तिथे कलाकृती पाहायला जातात. आम्ही होनमुरा वस्तीच्या गल्ल्यांतून भिंतींचे पाय पाहत हिंडलो. बहुतेक घरांना कमरेपर्यंत किंवा डोक्यापर्यंत जळक्या फळ्या आणि वर पांढरा चुन्याचा गिलावा होता. तादाओ आंदो यांनी १९९९मध्ये उभारलेली मिनामिदेरा ही इमारतही तिथेच आहे. काँक्रीटसाठी प्रसिद्ध असलेल्या या वास्तुकाराने ती शेजारच्या घरांसारखीच काळ्या फळ्यांनी मढवली आहे. त्याच सुमाराला वास्तुकलेचे इतिहासकार तेरुनोबु फुजिमोरी यांनीही हे तंत्र नव्याने हाती घेतले. नागानोमधले त्यांचे २००७चे ‘याकिसुगी हाउस’ हे त्याचे उदाहरण. त्यासाठी त्यांनी आठ मीटर लांबीच्या फळ्या, तीन-तीन जोडून केलेल्या नळीत, जाळल्या होत्या. आठ मीटर हा आकडा ऐकून तोऱ्यो थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, आणि मग “पाणी कुठून मारले असेल?” एवढेच म्हणाले.

जाळण्याआधीचे कागदी काम मी थोडक्यात सांगते, कारण ते कंटाळवाणे असले तरी टाळता येत नाही. आगीचा भास व्हावा असा धूर करणार असाल, तर अग्निशमन केंद्राला आधी कळवावे लागते; तसा छापील अर्जच मिळतो. शेजाऱ्यांकडे टॉवेलची घडी घेऊन जाऊन दोन सकाळी धूर होईल, कपडे वाळत घालू नका, असे सांगून वाकून यावे लागते. आणि घराबाबतचा कायदा असा की, आमच्या भागात शेजारच्या हद्दीपासून तळमजल्यावर ३ मीटर आणि वरच्या मजल्यावर ५ मीटरच्या आत येणारी बाहेरची भिंत बाहेरून लागलेली आग ठरावीक वेळ रोखणारी असावी लागते. कोळशाचा थर कितीही जाड असला, तरी एवढ्यावर कायद्याचे समाधान होत नाही. फळीच्या मागे काय आहे ते पाहिले जाते. आमच्या भिंतीत बांबूच्या जाळीवर थापलेली जाड मातीची भिंत होती, म्हणून आमचे निभावले. जुन्या फळ्या काढल्यावर ती माती उघडी पडली, तेव्हा मी बराच वेळ तिथे उभी होते. कोकणातला कूड कारवीच्या काठ्यांचा आणि हा बांबूचा, पण मातीत कालवलेला पेंढा आणि तिचा ओला वास तोच होता.

भिंत तीन केन, म्हणजे ५.४५ मीटर लांब. फळ्या सहा शाकू, म्हणजे १.८२ मीटर उंच आणि सहा सून, म्हणजे १८ सेंटिमीटर रुंद. हिशेबाने तीस लागत होत्या. तोऱ्योंनी छत्तीस मागवल्या, म्हणजे तिनाच्या बारा जुड्या. जाडी १५ मिलिमीटर. याहून पातळ फळी आगीत पन्हळीसारखी वळते आणि मग ती भिंतीवर सरळ बसत नाही. फळ्या महिनाभर छपराखाली, मधे काठ्या घालून रचून ठेवल्या होत्या, कारण ओल्या फळीचा निम्मा जाळ पाण्याची वाफ करण्यातच जातो.

नोव्हेंबरच्या अखेरीस, वारा पडलेल्या एका सकाळी सात वाजता आम्ही सुरुवात केली. पहिले काम फळीची बाजू ओळखण्याचे. तिच्या टोकाला वार्षिक वलयांच्या कमानी दिसतात. कमानीचा फुगवटा ज्या अंगाला, ती झाडाच्या सालीकडची बाजू, आणि तीच जाळायची. गाभ्याकडची बाजू बाहेर ठेवली, तर काही वर्षांनी वलयांचे पापुद्रे भाल्यासारखे सुटून येतात. तीन फळ्या, सालीची बाजू आत करून, कडा कडांना लावून उभ्या केल्या की एक त्रिकोणी नळी तयार होते. ती तीन ठिकाणी सळया बांधायच्या तारेने बांधायची, दोन विटांवर उभी करायची म्हणजे खालून हवा शिरेल, आणि खालच्या तोंडात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पेटवायचे. लाकडाचेच धुरांडे, आणि जळायचे आहे तेही धुरांडेच.

पहिली जुडी मी बांधली आणि ती पेटलीच नाही. पिवळसर, दाट, डोळे चुरचुरणारा धूर वरच्या तोंडातून निघत राहिला, खालचा कागद राख झाला आणि आतल्या बाजू नुसत्या तपकिरी पडल्या. मी तार पिळून पिळून कडा इतक्या घट्ट मिटवल्या होत्या की हवेला वाटच नव्हती. तोऱ्योंनी तार सैल केली, कडांच्या मधे पेन्सिलीइतकी फट राहील अशा लहान पाचरी ठोकल्या आणि पुन्हा कागद घातला. या वेळी अर्ध्या मिनिटात धूर पातळ झाला, नळीतून आधी सुस्काऱ्यासारखा आणि मग दूरच्या आगगाडीसारखा आवाज येऊ लागला आणि वरच्या तोंडातून हातभर ज्वाळा बाहेर पडली. तोऱ्यो तिच्याकडे पाहत नव्हते. ते फटींतून आत डोकावत होते आणि जिथे उजेड फिका दिसे, तिथली पाचर लोखंडी सळईने किंचित सैल करत होते. तीनेक मिनिटांनी त्यांनी जाड हातमोजे घालून जुडी उलटी केली, म्हणजे आतापर्यंत वर असलेले टोक खाली आले. आणखी दोन-तीन मिनिटे झाली, आणि ते “आता” म्हणाले.

मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट यानंतर घडली. जुडी आडवी करून तारा कापल्या आणि तीन फळ्या तीन बाजूंना पडल्या. पडेपर्यंत त्या घोंघावत जळत होत्या; एकमेकींपासून सुटताच ज्वाळा दबल्या आणि काही क्षणांत जवळजवळ विझल्या. मी पाण्याची नळी हातात धरून भेदरलेली उभी होते, तर पाणी मारण्याआधीच आग बसत चालली होती. तिन्ही फळ्या समोरासमोर असताना प्रत्येक फळी दुसऱ्या दोघींना तापवते आणि मधली ऊब बाहेर निसटू देत नाही. एकटी सपाट फळी आपली उष्णता आकाशात गमावते आणि स्वतःच्या बळावर जळत राहू शकत नाही. भिंतीवर लावलेली जळकी फळी पुन्हा सहज का पेटत नाही, याचे एक उत्तर मला तिथेच मिळाले. अर्थात पाणी भरपूर मारावेच लागते, पुढून, मागून आणि कडांवरही, कारण ज्वाळा गेली तरी निखारा आत राहतो आणि थर वाढत जातो. पाणी पडताच फळ्या तडतडल्या, वाफ उठली, आणि खाली मगरीच्या पाठीसारख्या चौकोनी भेगा पडलेला, निळसर चमक असलेला काळा पृष्ठभाग दिसला. खिळ्याने टोचून पाहिले, तर थर सुमारे ३ मिलिमीटरचा होता.

पाणी मारण्याचे महत्त्व मला त्याच दुपारी नीट समजले. पाचव्या जुडीच्या वेळी दहाच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटला, ज्वाळा एका कोपऱ्याला कलली आणि एका फळीची कड आरपार जळाली. ती बाद झाली. सहावी संपवून आम्ही थांबलो. मी फळ्या व्यवस्थित एकावर एक रचल्या आणि जेवायला बसलो. जेवणाच्या मध्येच तोऱ्यो चॉपस्टिक खाली ठेवून उठले. त्यांना वास आला होता, मला नाही. रचलेल्या फळ्यांतून धाग्याएवढा धूर निघत होता. एका गाठीत निखारा जिवंत राहिला होता आणि मी वर दुसरी फळी ठेवून त्याला पुन्हा सोबत मिळवून दिली होती. त्यानंतर सगळ्या फळ्या एकेकट्या कुंपणाला टेकवून रात्रभर तशाच ठेवल्या आणि मी झोपण्यापूर्वी दोनदा टॉर्च घेऊन फेरी मारली.

त्या रात्री आईला फोनवर फळ्या दाखवल्या. “घराला काळं फासायला एवढ्या लांब गेलीस का गं?” ती म्हणाली. जळके लाकूड घराला लावणे तिला रुचणे शक्यच नव्हते. आपल्याकडे जळके लाकूड म्हटले की मन कुठे जाते ते मलाही ठाऊक आहे. मी म्हटले, “आई, तीट लावली समज.” तिला ते पूर्ण पटले नाही, पण पुढच्या फोनपासून ती भिंतीला तीटच म्हणू लागली.

बसवण्याचे काम जाळण्यापेक्षा तिप्पट वेळाचे निघाले, आणि घर टिकण्याच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे आहे, असे माझे मत झाले आहे. मातीच्या भिंतीवर आधी आडव्या पट्ट्या ठोकल्या, म्हणजे फळीमागे १८ मिलिमीटरची हवेची पोकळी राहते. ती वर आणि खाली उघडी ठेवून तोंडाला जाळी लावली. फळ्या उभ्या लावून त्यांच्या सांध्यांवर जाळलेल्याच अरुंद पट्ट्या बसवल्या. स्टेनलेस स्टीलचे खिळे पट्टीतून, आधी भोक पाडून मारले, कारण कोळशावर हातोडी बसली तर टवका उडतो. ऋतूप्रमाणे फळी रुंदीत आखडते आणि फुगते, तेवढी मोकळीक तिला पट्टीखाली मिळते. वाफ्यातली माती काढून भिंतीलगत खडी पसरली आणि फळ्यांचे खालचे टोक जमिनीपासून एक शाकू उंच ठेवून त्याखाली पाणी झाडणारी पत्र्याची पट्टी दिली. पृष्ठभाग घासून गुळगुळीत करावा आणि तेल द्यावे की नाही, यावर आमची चर्चा झाली. घासल्यावर लाकडाच्या शिरा फार सुंदर दिसतात. तोऱ्योंनी दोन्ही नमुने समोर ठेवले आणि म्हणाले की, मिळवलेला थर घासून टाकायचा असेल, तर मिळवला कशाला. आम्ही घासल्या नाहीत.

याला आता दोन वर्षे झाली. पहिला महिनाभर प्रत्येक पावसानंतर खडीवर काळे ओघळ येत; ते थांबले. फाटकाजवळ, मुलाच्या हाताच्या उंचीवर, थोडा थर उतरला आहे, आणि पहिलीत मिळालेल्या त्याच्या शाळेच्या पिवळ्या टोपीवरचे बोटांचे ठसे काही केल्या निघाले नाहीत. बाकी भिंत आहे तशी आहे. गॅसच्या मीटरला मात्र मी नंतर एक लहानसे लाकडी झाकण केले. दोन वीत लांबीच्या तुकड्यांचे धुरांडे होत नाही, म्हणून ते बाजारातल्या हातबर्नरने जाळले. दिसायला ते फळ्यांइतकेच काळे, किंबहुना अधिक एकसारखे झाले होते. वर्षभरात त्याच पश्चिमेच्या उन्हात ते राखी पडले आणि आता खालून तपकिरी लाकूड दिसू लागले आहे. नखाने खरवडले, तेव्हा थर कागदाइतका होता. घरे सजवण्याच्या चित्रफितींतून जे बर्नर फिरवणे दाखवतात, त्याने रंग मिळतो, थर फारसा मिळत नाही. याकिसुगी ८० वर्षे टिकते, असे ठिकठिकाणी लिहिलेले आढळते. तोऱ्योंना मी आकडा विचारला, तर त्यांनी भिंतीकडे न पाहता छपराची पन्हळ साफ करतेस का, असे विचारले.

आता उत्तरेच्या भिंतीची पाळी आहे. चोवीस फळ्या छपराखाली काठ्या घालून रचल्या आहेत, म्हणजे आठ जुड्या, आणि अग्निशमन केंद्राचा अर्ज भरून ठेवला आहे. तोऱ्योंचा गुडघा दुखतो, त्यामुळे तारा बांधण्याचे काम या वेळी माझ्याकडे आले आहे. पाचरी मात्र ते स्वतःच ठोकणार आहेत.